तलावाची पाळ आणि पाण्याची पाळी

उन्हाळ्यात पुण्या-मुंबईकडचा पाहुणा आमच्या गावी आला की एक प्रश्न हमखास विचारतो. ‘भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा म्हणतात ना? मग तुमच्याकडे पाण्याची बोंब कशी?’ प्रश्न विचारताना तो तलावाच्या पाळीवर उभा असतो आणि समोर तलावाच्या पोटात गावची गुरं चरत असतात. मधोमध एवढंसं डबकं, त्यात दोन म्हशी. मी त्याला आधी पाळीवरच्या आंब्याखाली बसवतो. कारण या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, त्यात दोन-तीनशे वर्षं मोजावी लागतात.

आमचं गाव साकोली तालुक्यातलं, गायखुरीच्या डोंगराच्या पायथ्याचं. याच डोंगररांगेत नागझिऱ्याचं जंगल आहे. पाऊस म्हणाल तर कमी नाही. सरासरी साधारण १,३०० मिलिमीटर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो आम्हाला कपाळकरंटे म्हणेल. पण हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो, त्यातही मोजक्या दिवसांत. डोंगरावर पडलेलं पाणी मिनिटभर थांबत नाही. खाली कठीण खडक, वर हातभर माती. बरडीवरून, खरडीवरून ते नाल्यात जातं, नाल्यातून चुलबंदीत, चुलबंदीतून वैनगंगेत. सकाळी नाला कमरेएवढा, संध्याकाळी ओलांडताना चप्पल भिजत नाही. डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याची गत अशी असते की पाणी त्याच्या दारावरून जातं, घरात येत नाही.

त्यात आमचं पीक धानाचं. मृगात पऱ्हे टाकायचे, आर्द्रा-पुनर्वसूत रोवणा करायचा, बांधीत पाणी उभं ठेवायचं. ऑगस्टपर्यंत पाऊस साथ देतो. खरी परीक्षा असते हस्त नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. त्या वेळी भारी धान गर्भात असतो. एक पाणी मिळालं तर लोंबी भरते. नाही मिळालं तर लोंबी येते, वाऱ्यावर डुलतेसुद्धा, पण हातात घेऊन चोळली की नुसता भुसा. वर्षाची मेहनत, कर्ज, पोरीचं लग्न, सगळं त्या एका पाण्यावर टांगलेलं असतं. हे एक पाणी राखून ठेवायला आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले.

सरकारी कागदात या तलावांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. त्याचं झालं ‘मामा तलाव’. नव्या पोरांना वाटतं की कुणाच्या तरी मामानं बांधला असेल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून जास्त तलाव आहेत. (गोंदिया १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या गोष्टी सांगताना मी दोन्ही जिल्हे एकच धरतो.) पण तलाव मालगुजारांच्याही आधीचे आहेत. मालगुजार हा शब्द इंग्रजी अमलात पक्का झाला. त्याआधी या झाडीमुलखावर देवगडचे आणि चांद्याचे गोंड राजे होते. जंगल तोडून गाव वसवील त्याला गावाचा मान, आणि तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, अशी त्यांची रीत होती. चांद्याच्या राज्यात तलावासाठी दिलेल्या अशा जमिनीला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरात तुकूम नावाची वस्ती आजही आहे.

राजाला पाण्याची किंमत कळत होती, पण पाळ बांधणारे हात पाहिजे होते. ते हात कोहळ्यांचे, म्हणजे कोहळी समाजाचे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेला ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच आहे. चांद्याचा गोंड राजा काशीयात्रेला गेला, तिथे या लोकांची हुन्नर पाहिली आणि त्यांना सोबत घेऊन आला, अशी आख्यायिकाही तिथे नोंदलेली आहे. आख्यायिका खरी की खोटी हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. बाहेरून आलेल्या माणसाचं कसब इथल्या राजाला हवंसं वाटलं आणि त्यानं त्याला जागा दिली, एवढं या मुलखाच्या आठवणीत राहिलं आहे.

या कसबाचा सगळ्यात मोठा दाखला म्हणजे नवेगावबांध. सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यानं तो बांधला असं सांगतात. भोवतीच्या डोंगरशिखरांना ‘सातबहिणी’ म्हणतात. या सात देवींनी कोलू पाटलाला बांधकामात मदत केली अशी श्रद्धा आहे. पुढे कोलू पाटीलच ‘कोलासूर’ देव झाला आणि त्याचं ठाणं डोंगरावर बसलं. मारुती चितमपल्लींनी याच तलावाच्या काठी वनखात्याची नोकरी करताना काढलेले दिवस ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकात मांडले आहेत. मला मात्र कोलासुराची गोष्ट वेगळ्याच कारणानं आवडते. माणूस कोहळी, मदतीला आलेल्या देवी डोंगराच्या. डोंगराची संमती घेतल्याशिवाय पाळ टिकत नाही, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनीच ही गोष्ट रचली असली पाहिजे.

आमचा गावतलाव नवेगावच्या मानानं अगदीच लहान. पण रचना तीच. तीन बाजूंनी डोंगराचा उतार, चौथ्या बाजूला पाळ. आमच्या बोलीत तलावाला ‘तरा’ म्हणतात आणि पाळीला ‘पार’. पाळीच्या पोटात तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड. त्याची भोकं लाकडी खुंट्यांनी बंद केलेली. वरची खुंटी आधी काढायची, पाणी उतरलं की मग खालची. एका टोकाला सलंग, तिथून जास्तीचं पाणी आपोआप निघून जातं आणि खालच्या गावच्या तलावाला मिळतं. तिथून पुढच्या बोडीला. डोंगरावरून सुटलेला एक थेंब नदीला मिळेपर्यंत चार ठिकाणी थांबवायचा, असा हिशेब.

माझा आजा म्हणायचा, ‘तरा का एकट्या कोहळ्याचा आहे का गा? तऱ्याले सप्पाईचे हात लागले.’ लहानपणी ते ऐकून सोडून दिलं. आता बोटं मोजायला बसलो की त्याचा अर्थ कळतो.

डोंगरावरचं जंगल गोंडांच्या ओळखीचं. कुठला नाला कधी फुटतो, कुठल्या उताराची माती तलावात येईल, हे त्यांना माहीत. वरच्या देवराईतलं झाड ते तोडू देत नसत, त्यामुळे गाळ कमी यायचा. पाळ कोहळ्यांनी घातली. तलावाचं पोट धिवरांचं. मासे, शिंगाडे, कमळाचे कांदे, डोंगा आणि जाळं. पावसाळा सरला की हेच धिवर जंगलात ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळायचे. तो कोसा आंधळगाव, मोहाडी, पवनीकडच्या कोष्ट्यांच्या मागावर जायचा. कुणब्यांची आणि तेल्यांची शेतं पाळीखाली. पाण्यावर आणि शिवेवर राखण करायचं काम महारांकडे. गोवारी गुरं राखायचा. तलावाच्या कोरड्या पोटात कधी गुरं सोडायची आणि कधी नाही, हे त्याला सांगावं लागत नसे. दिवाळीत गोवारी ढाल घेऊन नाचत आले की गावची मंडई भरायची. मंडईत दंडार व्हायची, खडी गंमत व्हायची. धान घरात आला याची ती पावती होती.

आणि या सगळ्यांच्या मधोमध पाणकर. रोज तुडुमाजवळ जाऊन पाण्याची उंची बघणं, कुणाच्या बांधीला पाणी द्यायचं ते ठरल्याप्रमाणे देणं, पाट साफ ठेवणं हे त्याचं काम. मोबदला खळ्यावरच्या धानातून. हा पाणकर फक्त आमच्याच मुलखात होता असं नाही. तमिळनाडूत ‘एरी’ नावाचे तलाव आहेत, तिथे ‘नीरकट्टी’ हेच काम करायचा. इंडोनेशियातल्या बाली बेटावर डोंगरउतारावर भातशेती आहे. तिथल्या शेतकऱ्यांच्या ‘सुबक’ नावाच्या पाणीसंस्था देवळात बसून पाळी ठरवतात. १९७०च्या दशकात सरकारनं नव्या वाणांसाठी ती जुनी पाळी मोडायला लावली, सगळ्यांनी हवं तेव्हा भात लावला, तेव्हा पाण्याची ओढ आणि किडीचा सुळसुळाट दोन्ही झालं. शेवटी जुन्या पाळीकडे वळावं लागलं. २०१२ साली युनेस्कोनं सुबकला जागतिक वारशाचा मान दिला. आमच्या पाणकराला मान मिळाला नाही, फक्त त्याचं काम गेलं.

ते कसं गेलं, तेही सांगतो. भोसल्यांचं नागपूरचं राज्य १८५३मध्ये खालसा झालं. पुढच्या जमाबंदीत गावच्या पाटलांना मालकी हक्क मिळाले आणि ते मालगुजार झाले. सारा गोळा करायचा, सरकारला भरायचा, तलाव दुरुस्त ठेवायचा. गावकऱ्यांचे पाण्यावरचे, चराईवरचे, जंगलावरचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात लिहिले गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतानं सोसले. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या त्या दशकात वाढायची ती घटली. त्यानंतर इंग्रज सरकारला पाटबंधाऱ्याची आठवण झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत चांदपूर, बोदलकसा, चोरखमारा, खैरबंदा असे मोठे तलाव सरकारी खर्चानं झाले. जागा मात्र कोहळ्यांनी निवडल्या असत्या तशाच, डोंगराच्या कुशीतल्या.

स्वातंत्र्यानंतर आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या सरकारनं १९५०चा कायदा करून मालगुजारी रद्द केली आणि १९५१मध्ये गावं, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे चांगलंच झालं. तिचे गोडवे गाणारे लोक मला भेटतात, त्यांच्या घरी कुणी बेगार केलेली नसते. पण मालगुजारासोबत पाळीची निगा राखणाराही गेला. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरांच्या आतले तलाव त्यांच्याकडे, वरचे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारी सहकारी संस्थांना ठेक्यानं. जंगल वनखात्याकडे. एकाच पाण्याचे चार तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळी फाईल. निस्ताराच्या हक्कानं फुकट मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी कशाची, असं लोक म्हणत राहिले. पैसा नाही तर दुरुस्ती कशी, असं सरकार म्हणत राहिलं. मधल्या मध्ये सलंग फुटली, तुडुम कुजलं, तलावात डोंगराची माती भरत गेली.

इथपर्यंत सांगितलं की पाहुणा मान डोलावतो. ‘म्हणजे पूर्वी सगळं छान होतं.’ तिथे मला थांबावं लागतं. कारण छान होतं असं मी म्हटलं तर ते खोटं होईल, आणि ते खोटं आहे हे मला माझ्याच घरातून ठाऊक आहे.

आमची बांधी तुडुमाच्या तोंडाशी. पाळीचा पाझर तिला आपसूक मिळतो. तलावाच्या पाटाची शेपटी जिथे संपते तिथे दोन एकरांचा एक तुकडा होता. तो एका बौद्ध घराचा. त्या घराचा बाप आणि माझा बाप एका शाळेत होते. १९५४ सालच्या मे महिन्यात भंडारा लोकसभेच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तेव्हा त्या घरातला म्हातारा भर उन्हात पायी सभेला गेला होता, असं ते लोक अभिमानानं सांगायचे. बाबासाहेब ती निवडणूक हरले. दोन वर्षांनी नागपूरला दीक्षा झाली, तिथेही हे घर गेलं. गावच्या तलावात मात्र त्यांच्या बायांचा घाट वेगळा होता, सगळ्यांत खालचा. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७चा. आमच्या तऱ्यापर्यंत त्याच्या लाटा पोचायला फार वर्षं लागली. शेतीच्या पाण्याचंही तसंच. ज्याची जात वर त्याची बांधी बहुधा वर, ज्याची जात खाली त्याची बांधी पाटाच्या शेपटीला.

१९७९ साली देशभर पावसानं दगा दिला. आमच्याकडे रोवणा कसाबसा झाला आणि हस्त कोरडा गेला. तलावात अर्ध्याहून कमी पाणी. गाव पाळीवर बसलं. म्हाताऱ्या पाणकरानं सांगितलं, ‘या सालात पानी शेपटीकडून सोडा. तोंडाच्या बांध्यायले पाझर आहे, त्या चार दिवस दम धरतील.’ जुनी रीतही तीच होती, तंगीच्या वर्षी शेपटी आधी. सगळ्यांनी हो म्हटलं. माझ्या बापानंही हो म्हटलं.

तिसऱ्या रात्री बापानं मला उठवलं. मी तेव्हा बारा वर्षांचा. हातात कंदील दिला आणि बोलायचं नाही म्हणून ओठावर बोट ठेवलं. पाटावर जाऊन त्यानं माती आणि पळसाचा पाला टाकून बांध घातला. पाणी वळलं आणि आमच्या बांधीत शिरलं. मी कंदील धरून उभा होतो. पाणी वाळलेल्या धानात शिरताना जो आवाज होतो तो मला अजून ऐकू येतो. त्या वेळी तो फार गोड वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पहाटे बापानं बांध मोडला. दुसऱ्या रात्री पुन्हा गेलो.

आमचा धान आला. शेपटीच्या बांधीला भेगा पडल्या. लोंब्या आल्या, पण पोचट. त्या घराचा बाप त्या हिवाळ्यात आमच्याच खळ्यावर मजुरीनं चुरणी करायला आला. आईनं जेवण वाढलं. जेवताना तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, ‘पानी कोठी गेला ते मले ठाऊक आहे, बाबू. तऱ्याले बोलता येत नाही, मनून चालते.’ माझ्या बापानं ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही. तो खाली मान घालून जेवत राहिला. पुढच्या वर्षी पाणकरानं काम सोडलं. म्हणाला, आता डोळ्यांनी दिसत नाही. गावात पुन्हा पाणकर नेमला गेला नाही. नंतर ज्याच्याकडे पैसा होता त्यानं मोटर लावली, ज्याची बांधी वर होती त्यानं पाणी घेतलं. मालगुजारी सरकारनं मोडली. पाळीची रीत मात्र आम्हीच मोडली, आणि त्यात आमच्या घराचा हात पहिला होता.

म्हणून जुनी व्यवस्था म्हटली की मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तिच्यात शहाणपण होतं, ते अनेक जातीजमातींच्या हातात वाटलेलं होतं. आणि तिच्यात अन्याय होता, तोही त्याच वाटणीतून आलेला. शहाणपण ठेवायचं आणि वाटणीतली उतरंड टाकायची, हे काम बाकी आहे. २००१ साली युनेस्कोनं सांस्कृतिक विविधतेचा जाहीरनामा काढला. निसर्गाला जशी जीवांची विविधता लागते तशी माणसांना संस्कृतींची लागते, असा त्याचा आशय. वाचायला चांगलं वाटतं. पण विविधता म्हणजे प्रत्येकानं आपापल्या पायरीवर बसणं नव्हे. प्रत्येकाला आपलं म्हणणं पाळीवर उभं राहून सांगता आलं पाहिजे.

हे मला कळलं ते गाळाच्या वेळी. काही वर्षांपूर्वी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत आमच्या तलावाचा गाळ काढायचं ठरलं. आम्ही शेतकरी खूष. जेसीबी लावायचा, पोट खरवडून खोल करायचं, काळा गाळ बांध्यांत टाकायचा. ग्रामसभेत ठराव झालाच होता, तेवढ्यात धिवरपुऱ्यातली एक बाई उभी राहिली. म्हणाली, ‘सप्पा खरवडाल त मासोरी खाईल का? अन राहील कोठी?’ लोक हसले. मीही हसलो. तिनं बसायचं नाकारलं आणि एकेक वनस्पतीचं नाव घ्यायला लागली. काठाला देवधान आणि परसूड, त्याच्या आत कमळ, त्याच्या आत पाण्याखालची चिला आणि चिऊल. कुठल्या गवतात कुठला मासा अंडी घालतो, कुठला मासा चिखलात उन्हाळा काढतो. आमच्यापैकी कुणालाही ही नावं सांगता आली नसती. आम्ही तलावाकडे टाकी म्हणून बघत होतो. ती त्याच्याकडे शेत म्हणून बघत होती.

ती हे हवेत बोलत नव्हती. अर्जुनी-मोरगावकडे तिचं माहेर. तिकडे मनीष राजनकर आणि त्यांचं ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ धिवर समाजासोबत बरीच वर्षं तलावांवर काम करतं आहे. रोहू, कटला, मिरगल यांचं बीज टाकून तलावाचं उत्पन्न वाढेल असा सरकारी समज होता. पण पाणवनस्पती गेल्या, बेशरम माजली आणि गावरान मासे कमी झाले. तिकडच्या बायांनी उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली, तलावाचं कोरडं पोट नांगरलं आणि त्यात पाणवनस्पती लावल्या. जसा आपण रोवणा करतो तसा तलावात रोवणा. वनस्पती परतल्या, त्यांच्यासोबत मासे आणि पाखरं आली. संस्थेच्या नावात ‘निसर्ग’ आणि ‘संस्कृती’ हे दोन्ही शब्द आहेत. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला आजा काय म्हणायचा ते ठाऊक असणार.

त्या दिवशी ग्रामसभा लांबली. शेवटी ठरलं की मधला भाग खोल करायचा, काठाचा उथळ पट्टा सोडायचा आणि तळाला मासोळीपुरतं पाणी कायम राखायचं. मग पाळीचा विषय निघाला. शेपटीच्या त्या घरातली मुलगी आता पंचायत सदस्य आहे. ती म्हणाली, गाळ काढून पाणी वाढलं तर ते पहिल्यांदा कुणाला मिळणार, तेही आज लिहा. तंगीच्या वर्षी शेपटी आधी. सभेत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, अशी रीत कधी नव्हतीच. वरच्या बांधीवाल्यांपैकीच कुणीतरी.

मी उभा राहिलो. म्हटलं, रीत होती. १९७९ साली ती मोडली गेली तेव्हा कंदील माझ्या हातात होता. एवढंच बोललो आणि बसलो. कुणी काही म्हणालं नाही. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, पण तिच्या डोळ्यांत आश्चर्य नव्हतं. तिच्या घरात ती गोष्ट आधीपासून होती. ठराव लिहिला गेला आणि एक पाणकर नेमायचं ठरलं.

त्यानंतर तलाव भरला आहे, पण हस्त अजून तसा कोरडा गेलेला नाही. म्हणजे ठरावाची परीक्षा व्हायची आहे. वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्दचं मोठं धरण आहे, १९८८ साली राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली. त्याच्या पाण्यावर खालच्या मुलखातले लोक आशा लावून आहेत. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, कालव्याच्या वरच्या अंगाला. आपोआप वाहत येणारं कालव्याचं पाणी डोंगर चढत नाही. त्यामुळे आमच्या वाट्याला तराच आहे, आणि तो वाटून घ्यायची अक्कल.

एक गोष्ट राहिली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचलं. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांना आपली बोली कागदावर लिहायची लाज वाटेनाशी झाली. पूर्वी वाटायचं, बोली जपणं म्हणजे हौस. आता वाटतं, तुडुम, सलंग, बोडी, पाणकर, परसूड, चिऊल हे शब्द ज्या दिवशी पोरांच्या तोंडून जातील त्या दिवशी तलाव दुरुस्त करणारा इंजिनिअर येईलही, पण त्याला काय दुरुस्त करायचं ते सांगणारा गावात कुणी उरणार नाही.

नवा पाणकर त्या धिवर बाईचा भाचा आहे. बारावी झालेला, मोबाइलमध्ये पाण्याची उंची लिहून ठेवतो. परवा पाळीवर भेटला. मी विचारलं, ‘का गा बाबू, तंगीच्या सालात कोनी रातीले पाट फोडला त काय करशील?’ तो हसून म्हणाला, ‘तुमच्याच घरापासून राखन सुरू करीन, काकाजी.’

मी म्हटलं, तसंच कर.